बँकेचा कान

ओट्यावर टणकन स्क्रू पडला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. बँकेच्या भोईरांनी भिंतीवरची पांढरी डबी काढून पिशवीत टाकली.

"अभिनंदन वहिनी, गृहकर्ज मंजूर. तीन महिन्यांत तुमच्या घरात एकदाही आवाज चढला नाही. माझ्या घरी ही डबी लावली, तर सायकलीलाही कर्ज मिळायचं नाही."

नवरा-बायको वेगळे झाले की हप्ते बुडतात, म्हणून हल्ली कुठलीच बँक आधी घर ऐकल्याशिवाय कर्ज देत नव्हती.

"चहा घेता?" केतकीने सवयीने विचारलं.

"नको, अजून दोन घरांतल्या डब्या काढायच्यात."

भोईर गेले. केतकीच्या नवऱ्याने, हर्षदने, दार लावलं. तीन महिने तो रोज पानावर बसून "भाजी फक्कड झालीय गं" म्हणत होता, मिहिकाला गोष्टी सांगत होता, आणि केतकीही हसून दाद देत होती. आता त्याने आपलं ताट उचललं, आतल्या खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं केतकीच्या मनात आलं. पण काहीच वाटलं नाही. ती मिहिकाचा वरणभात कालवू लागली.

"आई, आपल्याला घर मिळालं ना?"

"मिळालं गं राणी."

"मग बाबा आता आपल्याबरोबर नाही जेवणार?"

केतकीने घास तिच्या तोंडापुढे धरला. मिहिकाने तो घेतला नाही. बंद दाराकडे बघत तिने हळूच विचारलं,

"आई, आपण अजून एक घर घेऊया का?"