जुनंच कुलूप

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर दोनच वर्षांत मी पुन्हा होते तेवढी झाले, तेव्हा बाबांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. "एवढ्या ऑपरेशनवर पाणी फिरवलंस! जिभेवर ताबा म्हणून नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्यासमोरही ऐकवायचे.

शेवटी डॉक्टरांनीच त्यांना समोर बसवलं. "आम्ही पोट लहान करतो, जनुकं बदलत नाही. काहींचं वजन मोजूनमापून खाल्लं तरी परत येतं. हिच्या बाबतीत ते बरंचसं आनुवंशिक दिसतंय. हिची आई कशी होती अंगाने?"

"अशीच," बाबा खाली बघत म्हणाले.

घरी आल्या आल्या, पायातले बूटही न काढता, त्यांनी कुलूप काढून टेबलावर ठेवलं. मग मला बसवून स्वतःच्या हाताने ताट वाढलं. "जेव नीट. उगाच टोचून बोललो गं तुला. तुझा काय दोष त्यात?"

घास हातात धरून मी त्या कुलपाकडे बघत राहिले.


आई गेली, त्या दिवशीही ते याच कपाटाला लागलेलं होतं.