कंपनी सोडणाऱ्या मॅडम

आपली मोबाइल कंपनी सोडून दुसरीकडे निघालेल्या ग्राहकांना गोड बोलून थोपवायचं, हे धाकटीचं काम. या महिन्यात आणखी एक जरी ग्राहक निसटला, तरी नोकरी जाणार होती.

कॉम्प्युटरने पुढचा फोन लावून दिला. पलीकडून "हॅलो" आलं. आवाज आईचा होता! पण इथला प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा, त्यामुळे ठरलेली वाक्यं म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मॅडम, आमची सेवा का सोडताय? रेंज मिळत नाही का?"

"रेंज अगदी खणखणीत आहे."

"मग दर परवडत नाहीत?"

"न परवडायला काय झालं? तू जेवलीस का?"

"हो, मॅडम. पण आपली नेमकी तक्रार काय?"

"अगं, सकाळपासून तीनदा फोन केला, तर 'कामात आहे' म्हणून लगेच ठेवलास. कंपनी सोडते असा मेसेज टाकला, तर बघ कशी अदबीनं बोलतेयस! ठेवायचं नावच घेत नाहीस."

धाकटीने कपाळाला हात लावला. "चुकलं, मॅडम. यापुढे आमच्याकडून रोज फोन येईल. पण कृपा करून कुठे जाऊ नका."

"नाही जात. पण आता लवकर ठेव बाई."

"का, मॅडम?"



"तुझा दादा त्या दुसऱ्या कंपनीत नवे ग्राहक ओढायच्या कामाला आहे ना? त्यांनाही 'येते' म्हणून कळवलंय. आता त्याचा फोन येईल."