शरण आलेला दरोडेखोर

"आता मार की त्याला," आजोबा म्हणाले.

मृण्मयीने माउस आपटला. जुन्या गेममधले दरोडेखोर खांबासारखे उभे राहून मार खात, म्हणून महिनाभर खपून तिने त्यांच्या लढाईचा कोड नव्याने लिहिला होता. आता ते वार चुकवत, ढाल पुढे करत आणि हरले की गुडघे टेकत. हा शेवटचाही हात जोडून बसला होता. पण तो मेल्याशिवाय किल्ल्याचं दार उघडणार नव्हतं.

तिने तलवार उगारली, खाली घेतली.

"बसलाय बघा कसा गरिबासारखा. मारवतही नाही. हे शरण येणंच काढून टाकते."

जन्मभर शाळेत शिकवत आलेले आजोबा शांतपणे म्हणाले, "त्याला हरायला शिकवलंस ना, बाळा? मग दारालाही शिकव, कुणी मेलं नाही तरी उघडायला."

चरफडत तिने पुन्हा कोड उघडला. दरोडेखोर हात जोडून थांबला.