बंदुकीचं तोंड

रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक निवडणुकीपायी ठाण्यात जमा करावी लागली, तेव्हापासून देऊळघाटच्या गुलाबरावांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चहाच्या टपरीवर बसले की त्यांचं एकच सुरू व्हायचं, "चोरापाशी कुठं लायसन असते बे? कायदे कडक करून खून थांबतात काय?"

"सारेच खून चोर करत नाहीत, गुलाबराव," शेजारच्या वावराचे अर्जुनराव एकदा म्हणाले. "राग आला तवा हाताशी बंदूक नसली, तर एखाद्याचा जीव वाचते."

गुलाबरावांनी चारचौघांत त्यांची गचांडी धरली.

निकाल लागल्यावर ते तडक बंदूक आणायला गेले. ठाणेदार म्हणाले, "ती आता मिळणार नाही. तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे."

"त्या अर्जुन्याचंच काम हाये! पाहूनच घेतो त्याले!" गुलाबरावांनी टेबलावर मूठ आपटली.



"अर्जुनराव नाही, तुमची बायको येऊन गेली," ठाणेदार म्हणाले. "सांगत होती, 'डुकरं तर कुत्र्यायलेच भिऊन पळतात साहेब, बंदूक ते माह्यावर रोखतात.'"