डाव्या बाजूचं दार

चिंधाची जुनी पिकअप पुढून डावीकडे दबायची, म्हणून नवागामच्या धर्मेंद्र मिस्त्रीने तिचे स्प्रिंगचे पाटे तिसऱ्यांदा बदलले. मग चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा त्याने बोटांनी मोजली. दोन्हीकडे चार बोटं भरली.

"आता नाही दबणार, चिंधाभाऊ. काढा गाडी."

चिंधा स्टेअरिंगवर बसला आणि हात लांबवून त्याने डावं दार आतून उघडलं. बाहेरची कडी कधीचीच तुटली होती, त्यामुळे बायकोसाठी, कलाबाईसाठी, तो रोज असंच उघडायचा. ती अठरा दिवसांपासून दवाखान्यात बेशुद्ध पडून होती, पण हाताची सवय सुटत नव्हती. क्षणभर थांबून त्याने दार ओढून घेतलं.

पाटे करकरले. गाडी डावीकडे दबली.

धर्मेंद्रने वाकून पुन्हा बोटं लावली. दोनच मावली. रिकाम्या सीटकडे बघत तो दोन पावलं मागे सरला.

तेवढ्यात फोन वाजला. चिंधाची मुलगी वर्षा दवाखान्यातून बोलत होती, रडता रडता हसत होती.

"आबा, मायनं डोळे उघडले. पण एकच धोशा लावलाय तिनं. म्हणते, तुझ्या आबाला सांग, दार उघड, माझा पदर अडकलाय."

चिंधा त्या सीटकडे बघत राहिला. मग त्याने डावं दार अगदी हळू उघडलं.

गाडीची डावी बाजू सावकाश वर आली, आणि फोनमधून कलाबाईचा बारीक आवाज ऐकू आला.

"हां. सुटला."