चाकांवरच्या घराचा रंग

मार्लिसने ट्रेलरचं दार उघडलं आणि ती पायरीवरच थिजली. काल संध्याकाळी पांढरीशुभ्र दिसलेली भिंत सोलवटून निघाली होती. रंगाचा अख्खा पापुद्रा छताजवळून सुटून खाली लोंबत होता, उन्हाने भाजलेल्या पाठीची साल सुटावी तसा. तिने एक टोक धरून ओढलं. हातभर रंग हातात आला. मागे तेच जुनं तपकिरी व्हिनाइल, खोट्या लाकडाच्या रेघांचं.

तिसऱ्यांदा!

"अर्वो!" ती घराकडे तोंड करून ओरडली. "अरे, बाहेर ये! परत गेला सगळा!"

तिचा नवरा कॉफीचा कप घेऊन आला. त्याने आत डोकावून पाहिलं. "हं," म्हणाला.

बर्फ वितळत होतं तेव्हा मार्लिसने हा ट्रेलर गावातल्या एका म्हाताऱ्याकडून विकत घेतला होता. गाडीमागे जोडून न्यायचं पन्नासेक वर्षांपूर्वीचं घर. एक खाट, एक शेगडी, एवढीशी खिडकी. म्हातारा आत बसून पाइप ओढायचा. तंबाखूचा वास भिंतींत इतका मुरला होता, की तिथे झोपणं अशक्य. रंगाचे दोन हात दिल्याशिवाय तो दबणार नव्हता. अर्वोला तिने सांगितलं होतं, "सुट्टीच्या दिवशी जाऊ की दोघं सरोवरावर."

ते खोटं होतं. सुपीरियर सरोवराच्या काठी बर्नीस नावाच्या बाईंची तंबू ठोकून राहायची जागा होती. तिथलं कार्यालय सांभाळायला मार्लिस जाणार होती. ट्रेलर तिथेच लावायचा आणि परत यायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

अर्वो वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. फक्त बोलायचा नाही. मुलगी दूर गेल्यावर तर हिवाळेच्या हिवाळे 'हं' आणि 'कॉफी आहे का' एवढ्यावर निघाले. गेल्या हिवाळ्यात मार्लिस मुद्दाम आठवडाभर तोंड शिवून बसली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

ट्रेलरच्या कामात मात्र तो आपणहून घुसला. आयुष्यभर गावातली घरं त्यानेच रंगवली होती. अर्वोचा रंग घर पडलं तरी पडत नाही, असं लोक म्हणायचे.

"व्हिनाइल निसरडं असतं," त्याने तिला बजावलं होतं. "आधी धुवायचं, मग पॉलिश पेपरने घासायचं, मग अस्तराचा हात, मग रंग. घाई केलीस की साल निघालीच म्हणून समज."

तिने घाई केली नाही. दोघं गुडघ्यांवर बसून भिंती घासत राहिले. त्या एवढ्याशा जागेत खांद्याला खांदा लागायचा. आणि तिथे अर्वो बोलायला लागला. खाणीत काम करणाऱ्या आपल्या बापाबद्दल. लहानपणी तो स्वतः गोठलेल्या सरोवरावरचा बर्फ फुटून पाण्यात पडला होता, त्याबद्दल. एकदा शिडीवरून तो एका विधवेच्या फुलझाडांत पडला आणि तिने त्याला झाडूने बदडून काढलं, हे ऐकून मार्लिस इतकी हसली, की ब्रशचा रंग तिच्याच डोक्यावर सांडला. हा माणूस इतकी वर्षं होता कुठे, असं तिला वाटायचं. मग ती मान खाली घालून घासू लागायची.

पण मे गेला, जून गेला. रंग टिकेना. "हवा दमट आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "डबाच खराब निघाला." आणि काल बर्नीसने कळवलं, या आठवड्यात ये, नाहीतर मी दुसरी बाई बघते.

मार्लिसने हातातला पापुद्रा चुरगाळून फेकला.

"बस झालं. मी गुरुवारी निघतेय. आहे तसा घेऊन जाते." तिने हात झटकले. "एकटी जातेय, अर्वो. परत येणार नाही."

आता याच्या हातून कप पडणार, असं तिला वाटलं.

"माहीत आहे," अर्वो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"ट्रेलर आणलास त्याच आठवड्यात बर्नीसचा फोन आला होता. तू दुकानात गेली होतीस. विचारत होती, मार्लिस एकटीच राहणार ना? मी 'हं' म्हटलं."

मार्लिस आत जाऊन खाटेवर बसली. सबंध उन्हाळा ती याच्यापासून लपवत होती, आणि हा सगळं माहीत असून शेजारी बसून भिंती घासत होता!

अर्वोने आत येऊन कप ठेवला. टर्पेंटाइनची बाटली उघडून फडकं भिजवलं आणि तो भिंत जोर लावून पुसू लागला.

"आता टिकेल," तो म्हणाला. "गुरुवारी निघ."

त्याने फडकं तिच्याकडे टाकलं आणि दुसरं घेतलं. तिच्या हातातलं फडकं पिवळट, चिकट झालं होतं. तिने बोटं चोळून पाहिली, नाकाशी नेली. चर्चच्या सभागृहाची लाकडी जमीन चकाकवायला वापरतात, ते मेण. त्यावर कुठलाच रंग धरत नाही.

"आपण धुतल्या होत्या भिंती," ती पुटपुटली. "दर वेळी धुतल्या होत्या."

"तू स्वयंपाकाला घरात गेलीस, की मी फासायचो."

ती ताडकन उठली.

"माझा अख्खा उन्हाळा घालवलास, मेल्या! तोंड नव्हतं तुला? 'थांब' एवढा एक शब्द म्हणता येत नव्हता?"

अर्वो थांबला नाही. भिंत पुसत राहिला.

"म्हटलं असतं तर थांबली असतीस," तो म्हणाला. "आणि घरात जाऊन मी पुन्हा गप्प बसलो असतो."