दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर

बाबांच्या गॅरेजात इंजिन सुरू झाल्यावर लेकीने ते थंड ठेवणारं पाणी पाइपातून सोडलं, आणि दहा सेकंदांत तो आवाज पुन्हा आलाच. टर्रर्र, मध्येच एक बारीक किरकिर, परत टर्रर्र. तिने आधी पाणी बंद केलं, मग इंजिन. या जुन्या वॉटर स्कूटरचं सगळंच उलटं. इंजिन पेटायच्या आधी पाणी सोडलंत, तर ते थेट पोटात शिरतं, आणि मग बसा डोक्याला हात लावून.

ट्रॉलीवरची ही स्कूटर तीस वर्षांची होती. लेकीने तिच्या तळाच्या भेगा बुजवल्या होत्या, कार्ब्युरेटर धुतला होता, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या होत्या. त्या किरकिरीपायी इंजिन दोनदा उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा आत काही म्हणजे काही सापडलं नव्हतं. मालकीणबाई दातांच्या डॉक्टर. कॉलेजात असताना घेतलेली ही गाडी त्यांना आजच तलावावर न्यायची होती, आणि दाराशी स्टुलावर बसून त्या दर पाच मिनिटांनी तसं सांगत होत्या.

पण लेकीला खरा घोर होता तो बाबांचा. चाळीस वर्षं हे गॅरेज चालवलेला माणूस, दोन वर्षांपूर्वी कान गेले. ऐकायचं यंत्र आणून दिलं तर नुसती खरखर होते म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं. काल साखळीला टांगलेलं एक इंजिन झोका घेत आलं. ती बेंबीच्या देठापासून ओरडली, आणि बाबा आपले पाठमोरे, निवांतपणे पाना पुसत उभे. वीतभराने डोकं वाचलं. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. उद्यापासून घरी बसा, एवढंच तिला त्यांना सांगायचं होतं, आणि सकाळपासून ते तिच्या तोंडातून निघत नव्हतं.

बाबा जवळ आले. तिचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी बोट फिरवून खूण केली, परत लाव. तुम्हाला काय कळणार आहे त्यातलं, असं तिने हातवारे करून सांगितलं, आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली.

बाबा ऐकतात कसले! त्यांनी भिंतीवरचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला. पूर्वी त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतलं दुखणं ओळखायचे. बरेच मेकॅनिक तसं करतात. पण आता ती मूठ लावणार कुठे, डोंबलावर? बाबांनी मूठ पँटला पुसली आणि चक्क दातांत धरली.

मालकीणबाई स्टुलावरून उठल्याच.

लेकीने बटण दाबलं, पाणी सोडलं. बाबांनी डोळे मिटले. टोक इंजिनाच्या पुढच्या अंगाला टेकवलं, मग मागच्या. मान हलवली. मग एका हाताने ट्रॉली धरत ते शेपटाकडे गेले, जिथे पाणी मागे फेकणारा पंप असतो. तिथे टोक टेकवलं आणि जागच्या जागी थिजले. कपाळावर बारीक आठ्या आल्या. हा माणूस ऐकत होता.

त्यांनी हात वर केला. तिने सगळं बंद केलं.

"इंजिन ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "उगाच दोनदा फाडलंस बिचारीला. पंपाचं मागचं बेअरिंग बघ. त्यातली गोळी खराब झालीय."

चार बोल्ट, अर्धा तास. बेअरिंगचं झाकण काढून तिने एकेक गोळी दिव्याखाली फिरवली. सगळ्या लखलखीत. फक्त शेवटच्या एका गोळीवर मोहरीएवढा खड्डा होता. लेकीने ती गोळी बाबांच्या तळहातावर ठेवली. या हातांखाली ती अख्खं काम शिकली होती, आणि तरी असलं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

मालकीणबाईंनी ते बेअरिंग हातात घेतलं. कान गेले तरी कधी कधी दातांतून, हाडांतून आवाज आत पोचतो, असं त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. पुस्तकात वाचलंय, म्हणाल्या, पण असं समोर घडताना आज पाहिलं. एरवी कुणी पेशंटने असलं काही दातांत धरलं असतं तर त्याला हाकलूनच दिलं असतं, हेही म्हणाल्या.

नवं बेअरिंग बसलं. स्कूटर सुरू झाली. किरकिर गायब. तरी बाबांनी मूठ पुन्हा दातांत धरली आणि डोळे मिटले. आता खरं तर काही गरज नव्हती.

तलावाबाहेर, नुसत्या पाइपावर ही गाडी दोन मिनिटांच्या वर चालवायची नसते. लेकीने नळाकडे हात नेला. बाबांनी तिचं मनगट धरलं, मूठ तोंडातून काढली.

"थांब गं जरा. दोन वर्षांत एवढंच तर ऐकू आलंय मला."

आणि मूठ परत दातांत.

उद्यापासून घरी बसा, हे सांगायचं लेकीने मनातून काढून टाकलं. आणखी अर्धं मिनिट तिने तसंच जाऊ दिलं, मग आधी पाणी बंद केलं, मग इंजिन.

मालकीणबाई गाडी घेऊन गेल्या. लेकीने दाराशी रिकामं झालेलं स्टूल बाबांसाठी उचललं आणि साखळीचा झोका पोचणार नाही अशा जागी ठेवलं. त्यांना खांद्याला धरून, दाराकडे तोंड करून त्यावर बसवलं. मग मागच्या शेडमध्ये गेली, ताडपत्रीखाली दुरुस्तीची वाट बघत पडलेली दुसरी स्कूटर ट्रॉलीसकट ढकलत आणून त्यांच्या पुढ्यात उभी केली.

"बाबा," ओठ सावकाश हलवत ती म्हणाली, "आता हिचं ऐका."